पाहून झालेली जागा

"आजी, सगळं एकदम बघा ना. असं ओळ लावून एकेक नका बघू," ती पोरगी म्हणाली आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर आजी कोणाची? बाईंना आजी म्हणायचा हक्क या जगात एकाच व्यक्तीला होता, ती सात वर्षांची होती आणि या वेळी शाळेत होती. बाकीच्यांनी त्यांना चौतीस वर्षं बाई म्हटलं होतं, प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांपासून बाटल्या धुणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांनी. आणि दुसरं म्हणजे, सगळं एकदम बघा! सगळं एकदम बघणाऱ्याला धड काहीच दिसत नाही, एवढं साधं या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं? समोरच्या पडद्यावर पन्नास-साठ रेघा विखुरलेल्या. काही लाल आडव्या, काही हिरव्या उभ्या, आणि त्यांच्यात असलीच तर एखादी लाल उभी. ती दिसली की उजवं बटण, नसली की डावं. बालवाडीतला खेळ मेला. पण शेजारी ती पोरगी मांडीवर वही घेऊन बसलेली, पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळताहेत, आणि दाराच्या काचेतून दवाखान्याच्या बाकावर बसलेला त्यांचा मुलगा दिसतोय, एक पाय सारखा हलवत. ही पाय हलवायची सवय त्याला शाळेपासूनची. निकालाच्या दिवशी असाच हलवत बसायचा. आज निकाल बाईंचा होता. इथून जो कागद मिळणार त्यावर ठरणार होतं, की ठिपकीला शाळेतून घरी आणायला यापुढे बाईंनी जायचं की नाही.

ठिपकी म्हणजे नात. जन्मली तेव्हा पुरती दोन किलोचीही नव्हती. दवाखान्यात पेटीत ठेवलेला तो जीव बघून बाई म्हणाल्या होत्या, "अगं बाई, ही तर ठिपक्याएवढी!" तेच नाव चिकटलं, खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. शाळेपासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट, ठिपकीच्या चालीने अर्धा तास. त्या अर्ध्या तासात सगळ्या बातम्या व्हायच्या: कोणी कोणाचं खोडरबर तोडलं, कोण वर्गात ओकलं, कोणत्या टीचरचा आवाज बसलाय. दिवसाचे बाकीचे साडेतेवीस तास बाईंना घरात सगळे नीट सांभाळत होते, वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या. पण बाईंची वाट बघणारं, बाई आल्या नाहीत तर अडून बसणारं असं ते एकच ठिकाण उरलं होतं, शाळेचं फाटक. ते गेलं की बाई नुसत्या घरात ठेवलेल्या.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. वरचा डावा कोपरा, तिथून उजवीकडे, मग एक पायरी खाली, मग डावीकडे. शेत नांगरतात तसं. हे तात्यांनी शिकवलं होतं. तात्या म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, कानात अत्तर नाही पण बोटांना कायम जांभळ्या रंगाचा वास. नवीन आलेल्या बाईंना मायक्रोस्कोपपुढे बसवून ते म्हणाले होते, "हे बघ, काचेवर तापकऱ्याच्या रक्ताचा एक थेंब आहे, त्यात लाखो पेशी. त्यात हिवतापाचा जंतू असेल तर एखादा असेल, खड्याच्या अंगठीसारखा, जांभळा. एका वेळी जेवढं गोल दिसतं ते एक फील्ड. पाहिलंस की पुढे सरकायचं. घाई नाही, उड्या मारायच्या नाहीत, आणि पाहून झालेल्या जागेवर परत जायचं नाही, नाहीतर एकच जंतू दोनदा मोजशील. 'आहे' म्हणायला एक फील्ड पुरतं. 'नाही' म्हणायचं असेल तर शंभर. 'नाही' लिहिणं सोपं वाटतं गं, पण ते लिहिलं की पेशंट घरी जातो." लोक म्हणतात डोळ्यात तेल घालून बघावं, बाईंनी चौतीस वर्षं काचेवर तेलाचा थेंब घालून बघितलं. 'आहे' लाल पेनाने, 'नाही' निळ्या. किती तापकऱ्यांचे जंतू त्यांनी पकडले त्याची मोजदाद नाही, आणि आता ही काल जन्मलेली पोर त्यांना बघायचं कसं ते शिकवणार. कानामागून आली आणि तिखट झाली! बाई मुद्दाम आणखी हळू बघू लागल्या. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. लाल उभी नव्हती. त्यांनी डावं बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ लुकलुकली, पार मधोमध, लाल, उभी. "असू दे हं आजी," पोरगी म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. असं आणखी तीनदा झालं. चौथ्या वेळी बाईंच्या हाताला घाम सुटला होता, आणि त्यांना सगळ्यात जास्त राग आला तो त्या घामाचा.

मग डॉक्टर. चांगला हसरा माणूस, मुलाच्याच वयाचा, आणि बोलला तोही मुलाशीच. "डोळे उत्तम आहेत यांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय. प्रश्न डोळ्यांचा नाहीच. डोळ्यांना जे दिसतं त्यातून हवं ते चटकन वेचून काढायचं, हे जे काम मन करतं ना, ते मंदावलंय. गर्दीतला माणूस, फळीवरची बरणी. विसरणंही थोडं आहे, पाच शब्दांतले दोन सुटले. पण सौम्य आहे. वयाच्या मानाने जरा जास्त, एवढंच." मुलाने मान हलवली. "म्हणजे त्यांनी एकटं...?" "बघा ना तुम्ही थोडं. लक्ष ठेवा." बाई दोघांच्या मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी असे कागद लिहून खिडकीतून बाहेर दिले होते. खिडकीपलीकडचा माणूस कागद घेताना कसा दिसतो ते त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. "अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी इथेच आहे हो. मलाही सांगा की थोडं. ऐकू येतं मला, ते मंदावलेलं नाही अजून." डॉक्टर हसला, मुलगा ओशाळला आणि म्हणाला, "आई, रागावू नकोस ना." हे एक नवीनच निघालं होतं घरात. पूर्वी बाई रागावल्या तर रागावल्या. आता रागावल्या तर तेही आजाराच्या खात्यात.

आणि हे सगळं कशावरून, तर आठ दिवसांपूर्वीच्या त्या एका दुपारवरून. ती दुपार बाई मनातल्या मनात इतक्यांदा फिरवून बघत होत्या की तिच्या कडा झिजल्या होत्या. शाळा सुटलेली. दोनशे पोरी, सगळ्यांचे करडे फ्रॉक, सगळ्यांच्या दोन वेण्या, पाठीवर दप्तरं. शाळेतल्यांना पोरी वेगळ्या ओळखू येऊच नयेत असा काही नियम आहे की काय, कोण जाणे. बाईंची तिथे बघायची ठरलेली रीत होती. डावीकडच्या विजेच्या खांबापासून सुरुवात, उजवीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, सहा भागांत. खांब, फाटकाची डावी झडप, मधली मोकळी जागा, उजवी झडप, सायकलींची रांग, टाकी. दोन वर्षं ठिपकी याच रीतीने सापडत आली होती, बहुतेक तिसऱ्या भागात. त्या दिवशी पहिला भाग झाला, नव्हती. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. नव्हती. म्हणजे उरली टाकी. टाकीजवळ तेवढीच उंच, तशाच वेण्यांची, खाली मान घालून चपलेचा पट्टा लावणारी पोर होती. बाकी सगळीकडे पाहून झालं होतं, तेव्हा ही तीच असणार, दुसरी असेलच कशी? बाईंनी तिचा हात धरला आणि चालू लागल्या. ती पोरही गरीब गाय, निमूट चालली. चाळीसेक पावलं गेल्यावर मागून एक बाई ओरडत धावत आली. "अहो, माझी मुलगी! कुठे नेताय माझ्या मुलीला? डोळे आहेत की बटणं?" रस्ता थांबला, लोक जमले, शाळेचा पहारेकरी आला. आणि त्या गर्दीतून ठिपकी आली, रडकुंडीला आलेली. "आजी, तू माझ्यासमोरून गेलीस! मी खांबाजवळ होते, हात पण केला!"

खांबाजवळ. पहिला भाग. बाईंनी बघितला तेव्हा ती तिथे नव्हती; नंतर आली असणार. काच कधी हलत नाही, पेशी ह्या फील्डमधून त्या फील्डमध्ये पळत नाहीत, पोरी पळतात. चौतीस वर्षांच्या सवयीने पाहून झालेल्या जागेवर त्यांची नजर परत गेलीच नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती बाईंनी घरी तीनदा समजावून सांगितली. "म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, रीत चुकली," त्या म्हणाल्या. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. त्या बघण्याने तर जीव नकोसा व्हायचा. मग लहानसहान गोष्टी बाहेर निघायला लागल्या, इतके दिवस जणू कोणी गाठीला बांधून ठेवल्या होत्या. "आई, परवा फ्रिजमधलं दही तुम्हाला दिसलं नाही, समोरच होतं." "आई, चष्म्याचं घर हातात घेऊन चष्म्याचं घर शोधत होतात." सून बिचारी हसत म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आणि बाईही हसल्या, पण हसताना आतून काहीतरी गार गेलं, कारण चष्म्याचं घर त्यांच्या हातात होतं हे त्यांना आत्ता, तिने सांगितल्यावर कळलं होतं. ते त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही.

बुधवारी ती रेघांची परीक्षा झाली आणि गुरुवारी सकाळी बाईंना फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद दिसला. दिसला बरं का, अगदी चटकन दिसला! शाळेच्या व्हॅनवाल्याचा नंबर, 'सोमवारपासून, दुपारी साडेतीन', आणि वर सुनेच्या अक्षरात तारीख. तारीख मंगळवारची. बाई त्या कागदापुढे हातात दुधाचं पातेलं घेऊन किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मंगळवारी ठरवलं आणि बुधवारी तपासायला नेलं! काच मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधी रिपोर्ट लिहिला! प्रयोगशाळेत असं कोणी केलं असतं तर बाईंनी त्याला उभा चिरला असता. सुनेशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं. पोर कष्टाळू, तोंडाने फटकळ पण मनाची निर्मळ. आणि ती घाबरली होती, हेही बाईंना कळत होतं. स्वतःची पोर कोणी परक्या बाईने हात धरून नेली असती तर बाईंनी काय केलं असतं? पण कळणं वेगळं आणि तो कागद वेगळा. त्या दिवशी त्यांनी दूध उतू जाऊ दिलं, आणि ते मुद्दाम होतं, पण घरातल्यांनी तेही 'सौम्य'मध्येच धरलं असणार.

रागाची एक गंमत असते, तो एकटा येत नाही. भांडी घासताना, केस विंचरताना, दुपारी पडल्या पडल्या बाईंना सारखे तात्या आठवायला लागले. नको असताना. बाई तेव्हा अठ्ठावीसच्या, तात्या सत्तावन्नचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. नियम असा होता, की निळ्या पेनाने 'नाही' लिहिलेल्या दर दहा काचांतली एक दुसऱ्याने परत तपासायची. ते काम बाईंकडे आलं. पहिल्या महिन्यात तात्यांच्या चार काचांवर जंतू निघाले, चांगले ढळढळीत, फील्डच्या मधोमध अंगठ्या. बाईंचा संताप झाला. चार माणसं ताप घेऊन घरी गेली होती. तात्यांचं टेबल त्यांच्या टेबलापासून सहा पावलांवर होतं. तेवढं अंतर न चालता त्या जिना चढून मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, तपासून बघू, पण त्याला कळू देऊ नका. वीस काचांचा एक ट्रे तयार करायचा, त्यातल्या आठांत जंतू असल्याची खात्री केलेली, आणि तो रोजच्या कामात सरकवायचा. ट्रे बाईंनीच तयार केला. हिरकणीच्या टोकाच्या पेन्सिलीने काचांवर नंबर त्यांनीच कोरले. तात्यांनी आठांतल्या पाच काचांवर निळ्या पेनाने लिहिलं. संध्याकाळी ते बाईंच्या टेबलापाशी आले, हातात एक काच. खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "हा सात तुझा. तुझ्या सातालाच असं शेपूट असतं." एवढं मात्र त्यांना दिसलं होतं. मग काच खाली ठेवून अगदी हळू म्हणाले, "मला आधी सांगायचंस ना गं." त्यानंतरचं वर्षभर ते मोरीजवळच्या टेबलावर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसले. त्या दिवशी घरी येऊन बाई नवऱ्यापुढे तणतणल्या होत्या. "एवढा जुना माणूस! आपल्या डोळ्यांचं आपल्याला कळायला नको? स्वतः होऊन बाजूला व्हायला नको?" नवरा पेपर वाचत होता. पेपरमागून म्हणाला, "डोळ्याला डोळा दिसतो का?" तेव्हा बाईंना ते उत्तर काही पटलं नव्हतं. आता पटवून घ्यायला नवराही नव्हता.

शुक्रवारी दुपारी मुलाचा ऑफिसातून फोन आला. "आई, आज ठिपकीला तूच आण हं." आवाज जरा जास्तच साधा. बाईंना आनंद झाला, आणि लाज वाटण्याइतका झाला. फ्रिजवरचा कागद काढायला त्यांचा हात शिवशिवला, पण त्यांनी तो तसाच ठेवला. चांगली साडी नेसल्या, चष्मा दोनदा पुसला, वीस मिनिटं आधीच जाऊन फाटकासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. घंटा झाली. करडा लोंढा बाहेर आला. बाईंनी खांबापासून सुरुवात केली. खांब, नाही. डावी झडप, चार पोरी, त्यातली एक बोबडी बोलणारी, ठिपकीची मैत्रीण, पण ठिपकी नाही. मधली मोकळी जागा, इथे फार होत्या, सगळ्या हलणाऱ्या, एकीवर नजर टेकवावी तर दुसरी पुढे यायची, वेण्या, पट्टे, पाण्याच्या बाटल्या, चेहरे येत होते आणि हातातून निसटत होते, त्यांचं काय करायचं ते डोळ्यांना माहीत होतं पण डोळ्यांच्या मागे कोणीतरी दार लावून घेतलं होतं. उजवी झडप. सायकली. टाकी. नाही. आज परत फिरायचं, त्यांनी स्वतःला बजावलं, आज पाहून झालेलं परत बघायचं. त्या उलट निघाल्या, टाकी, सायकली, झडप, आणि मध्येच कुठे होतो तेच हरवलं. पुन्हा टाकीपासून. गर्दी विरळ व्हायला लागली. पहारेकरी बाईंकडे बघत होता, दहा दिवसांपूर्वीची बाई हीच हे त्याला ओळखू येत होतं. दोनशेच्या शंभर, शंभराच्या तीस, तिसाच्या दहा. दहा पोरी! दहांत एक सापडू नये?

"आजी!"

खांब. खांबाला पाठ लावून ठिपकी उभी होती, बाईंपासून फार तर पाच पावलांवर, दोन्ही हात गच्च मागे धरून, आणि रडत होती. "मी इथेच आहे ना! किती वेळ तुझ्याकडे बघतेय मी! बाबा म्हणाले बोलायचं नाही, हात पण करायचा नाही, आजीला शोधू दे. मला नाही असला खेळ खेळायचा!" ती धावत येऊन बाईंच्या पोटाला बिलगली. आणि उभ्या गाडीच्या मागून मुलगा बाहेर आला, ऑफिसच्या कपड्यांत, हातात फोन. फोनवर सेकंद पळत होते. सहा मिनिटं आणि वर काहीतरी. त्याने ते थांबवायला अंगठा लावला तो बाईंच्या समोर, आणि मग त्याला कळलं की हे त्यांना दिसलंय.

"पोरीची काच केलीस?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिला नंबर घालून माझ्या ट्रेमध्ये ठेवलीस?"

"आई, कसला ट्रे? मला फक्त बघायचं होतं गं. स्वतःच्या डोळ्यांनी. डॉक्टरच्या कागदावरून तुझं काही बंद करायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून..."

"आणि व्हॅन? तिचा कागद मंगळवारचा आहे. बुधवारी मला त्या रेघांपुढे बसवलंत. तपासायच्या आधी निकाल! आणि आज वर हे, लपून! चोरासारखा! मी आई ना तुझी? सहा पावलांवर तर बसते मी तुझ्या टेबलापासून. मला आधी सांगायचंस ना रे!"

तोंडातून शब्द गेले आणि बाईंनी ते ऐकले. आपलाच आवाज, आणि आपला नाही. मोरीजवळचं टेबल, डिंकाची बाटली, जांभळ्या बोटांनी चिठ्ठ्या दाबून बसवणारा माणूस. त्या वर्षभरात बाई त्या टेबलावरून दिवसातून दहादा गेल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांनी नजर दुसरीकडे वळवली होती. ते काही डोळ्यांचं मंदावणं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचे, लख्ख डोळे होते ते. रंग कसा चढवावा, किती वेळ ठेवावा, कोणत्या पाण्याने धुवावा हे तात्यांइतकं त्या इमारतीत कोणाला कळत नव्हतं, आणि वर्षभर कोणी त्यांना एवढंही विचारलं नाही. बाईंनीही नाही. राग अजून अंगात होताच, फक्त आता त्याला दोन तोंडं फुटली होती, आणि एक त्यांच्याचकडे वळलं होतं.

"लिही," त्या मुलाला म्हणाल्या. "काय असेल ते लिही फोनमध्ये. लाल पेनाने लिही. फाटकाच्या गर्दीत मला ही सापडत नाही. आहे ते आहे, मीच सांगते. रीत चुकली म्हणून नाही, आज रीत बदलूनही सापडली नाही. खांबाजवळ ही आधीपासून होती की नंतर आली, तेही मला सांगता यायचं नाही." हे बोलताना त्यांचा हात ठिपकीच्या डोक्यावर होता. "पण तू पाहिलंस काय? एक फील्ड. एवढ्या एका फील्डवरून माझं सगळं 'नाही' लिहून टाकणार? रस्ता मला कळत नाही का? हिला ताप आलाय हे हिच्या आईच्या आधी कोणाला कळतं? हिचा हात मी कधी सोडलाय? शंभर पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नसतं, समजलं? तुमच्या घरात एक पाहिलं आणि लिहिलं!"

"तुमच्या काय, आई," मुलगा कसाबसा म्हणाला. "आपल्या."

"मी शोधीन ना आजीला," ठिपकी नाक पुसत म्हणाली. मोठ्यांचं भांडण तिला संपवायचं होतं. "आजी, तू खांबाला टेकून उभी राहा. हलायचं नाही. मी बाहेर आले की मीच तुला पकडीन. मला तू लगेच दिसतेस."

बाईंनी ठिपकीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं, तिचा हात धरला आणि निघाल्या. मुलगा मागे, दहा पावलांवर, बोलवावं की न बोलवावं अशा चालीने. आज बातम्या नव्हत्या. ठिपकी गप्प होती, आणि ते बाईंना सगळ्यात जड गेलं. कोपऱ्यावर मोठा रस्ता आला. रोजचाच. बाई कडेला थांबल्या. उजवीकडे बघितलं, मोकळं. मधे, मोकळं. डावीकडे, लांब एक ट्रक, तो यायला वेळ. पाहून झालं. पाऊल उचललं, आणि उचललेलं तसंच राहिलं. मागे मुलगा आहे हे त्यांना माहीत होतं, तो बघतोय हेही, आणि अडखळलेलं पाऊल तो कुठे लिहील तेही. लिहू दे मेलं. ठिपकीने हात ओढला. "चल ना आजी, काही नाहीये."

"थांब," बाई म्हणाल्या. "परत एकदा बघू दे."

चाळीस वर्षांत, आजचा दिवस सोडला तर, जी मान कधी मागे गेली नव्हती ती त्यांनी वळवली, ओढून वळवली म्हणावं, पाहून झालेल्या जागेकडे, उजवीकडे. तिथे एक स्कूटर होती. आत्ता नव्हती आणि आता होती, गल्लीतून निघालेली, भरधाव, हॉर्न न देता. ती दोघींच्या समोरून गेली आणि तिच्या वाऱ्याने ठिपकीच्या फ्रॉकची घडी हलली. मग बाईंनी पुन्हा उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे, आणि पुन्हा एकदा उजवीकडे. किती वेळ लागला कोण जाणे. मागच्या एका माणसाने "अहो चला की" म्हटलं. त्याच्याकडे बाईंनी असं काही बघितलं की तो गप्प झाला. मग त्या दोघी रस्ता ओलांडून गेल्या.

मुलगा पलीकडे धापा टाकत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. फोन त्याच्या हातात नव्हता, खिशात होता. मग तो म्हणाला, "व्हॅन नको म्हणून व्हॅनवाल्याला मी सांगतो. हिच्या आईला पण सांगतो, ती चिडेल, पण सांगतो." आणि लहानपणी मार्क कमी पडल्यावर विचारायचा त्या आवाजात, "सोमवारी मी येऊ का फाटकावर?"

"ये, मी खांबाला टेकून उभी असेन," बाई म्हणाल्या. "दर दहा दिवसांनी एकदा ये. तपासायलाच ये, माझी काही हरकत नाही. ज्या दिवशी रस्ताही मला जमेना झाला, त्या दिवशी तसं तोंडावर सांग. पण गाडीमागे लपायचं नाही. माझ्यासमोर उभं राहायचं." त्यांनी ठिपकीचा हात बदलून दुसऱ्या हातात घेतला, कारण पहिल्याला घाम आला होता. "आणि आधी सांगून यायचं."